हौसाची जागा

कीर्तीचं पोट दुखायला लागलं की गावातल्या बायका म्हणत, हौसा आली.

हौसा म्हणजे तिची आत्या. पनवेलजवळच्या त्या आगरी गावातली धवलारीण, लग्नात धवले गाणारी. तिच्या गाण्याशिवाय लग्नाची हळद लागत नसे. गाता गाता ती एकाएकी पोट धरून वाकायची. बाहेरचं आहे म्हणून भगताकडे नेलं, पोटावर तापल्या सळईचे डाग दिले. चाळिशीच्या आतच ती गेली. पुढे बरीच वर्षं तिच्या जागेवर कोणी बसेना. शेवटी तिची जोडीदारीण ठमाबाई कीर्तीला शेजारी बसवू लागली, कारण आवाज थेट आत्याचा होता. वाकणंही तसंच निघालं.

कीर्ती कळंबोलीला लोखंडबाजारात वजनकाट्यावर कामाला होती. दर महिन्याला खाडे पडायचे. काट्याचा मालक अविनाशशेठ आधी हसला, मग म्हणाला, पोट सगळ्याच बायकांचं दुखतं, ट्रक कोणासाठी थांबत नाही. एक दिवस तिच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी दिसली. बारशाची बोलावणीही येईनाशी झाली. पदरी मूल नाही, वर अंगात आत्या. नवरा शैलेश गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचा. उरलं होतं ते गाणं. तेवढं तरी जाऊ नये म्हणून ती गोळ्या खाऊन मांडवात बसायची.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून तपासलं तेव्हा दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर, पार आतड्यापर्यंत पसरलं होतं. ताब्यात राहील, पुरतं जाईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या. मग सहज विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का? कीर्तीच्या तोंडून आलं, आत्याला.

गावातल्या भाविकाच्या हळदीत कळ आली. ते दिवस नव्हते. दुखणं आता दिवस बघून येत नव्हतं. धवला मध्येच तुटला. बायका सरकून बसल्या. नवरीच्या आईने कीर्तीच्या पुढ्यातलं विधीच्या तांदळांनी भरलेलं सूप उचलून नेलं.

ठमाबाई हात जोडून म्हणाली, "हौसे, जा बाय. पोरीला सोड."

"हौसा नाय, काकी," कीर्ती कशीबशी बोलली. "रोग हाय ह्यो. आत्याला पण ह्योच होता."

त्यानंतरच्या दोन लग्नांना तिला कोणी बोलावलं नाही.

मग एका दुपारी ठमाबाई आली आणि उंबऱ्यावरच बसली. रोगाचं नाव विचारलं, पण ते तिच्या तोंडात बसेना.

"डाग देताना ती वरडत होती, अंगात कोण नाय, नुसतं दुकतंय. ते खरं होतं?"

कीर्तीने मान डोलावली.

"हात मीच धरलेले तिचे."

कीर्तीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. उठताना ठमाबाई म्हणाली, "परवा उलव्याला हळद हाय. भिंतीला टेकून बस. दुकलं का थांब, धवला मी वढीन पुढं."

उलव्याला कीर्ती थांबली. ठमाबाईने फुटक्या आवाजात ओळ उचलली, आणि कळ ओसरेपर्यंत तीच गात राहिली. कोणी उठवलं नाही, सूपही कोणी हलवलं नाही. फक्त दोघींच्या भोवती बायकांनी आणखी एक बाई मावेल एवढी जागा मोकळी सोडली होती.