पोवळ्याला दुसरा दगड

चिपळूणला नदीकाठी वाढलेली मी लग्न होऊन रत्नागिरीत आले, तेव्हा समुद्राशी माझी ओळख जेवणाच्या ताटापुरती होती. नवरा बोटीवर नोकरीला, नऊ महिने तिकडे आणि दोन-तीन महिने घरी. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. घरात सासूबाई, मी आणि पडवीत काचेची एक टाकी. ती ह्यांची हौस. आत खारं पाणी, दोन-तीन चिमुकले मासे आणि आरे-वारेच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी उचलून आणलेला जांभ्याचा एक दगड. त्या दगडावर मऊ पोवळं वाढलं होतं. हाताला रबरासारखं लागायचं आणि बोट लावलं की मिटायचं. पोवळंच ते, फक्त त्याला हाडं नाहीत, असं ह्यांनी मला समजावलं होतं. सासूबाई त्याला ‘तुझी ती भाजी’ म्हणायच्या.

हौसेला मोल नाही म्हणतात. असतं, पण ते दुसऱ्याला भरावं लागतं. दर रविवारी समुद्राचं पाणी दोन कॅन भरून मी आणायचे. वीज गेली की पंप बंद, मग तांब्याने टाकीतलं पाणी उचलून वरून पुन्हा टाकीत ओतत बसायचे. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की घरात तेवढाच आवाज. कधीकधी मी त्या पोवळ्याशी बोलायचे. दुसरं होतं कोण?

ह्यांची पत्रं बंदराबंदरातून यायची आणि मागचं पुढे, पुढचं मागे व्हायचं. म्हणून पाकिटाच्या कोपऱ्यात नंबर घातलेला असायचा. सासरेही बोटीवरच होते, त्यामुळे सासूबाईंचा या बाबतीत एक कडक नियम होता. मधला नंबर आला नसेल तर पुढचं पाकीट फोडायचं नाही, देवापुढे ठेवून वाट बघायची.

त्या वर्षी हे शिमग्याला घरी यायचे होते. माघात सातनंतर एकदम नऊ नंबरचं पाकीट आलं. मी ते मागच्या दारी जाऊन फोडलं. पहिलीच ओळ होती, “झालं ते मनाला लावून घेऊ नकोस.” पुढे लिहिलं होतं की पोवळं एव्हाना शेजारच्या दगडावर सरकलं असेल, मधला भाग नव्या ब्लेडने काप आणि कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरांना देऊन टाक.

काय झालं? कुठला शेजारचा दगड? बोटीवर आग लागली, ह्यांचा हात गेला, काय काय डोळ्यांपुढे आलं. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती, कारण पाकीट चोरून फोडलेलं. त्या पत्रात मला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती मी केली. ह्यांच्या दाढीचं ब्लेड घेऊन पोवळ्याचं बूड दगडापासून खरवडायला गेले. ते फाटलं. बुळबुळीत चिकट काहीतरी सुटलं, पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि ब्लेड लागलेलं माझं बोट टम्म सुजून आग आग करायला लागलं.

सासूबाईंनी बोट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हळद लावून चिंधी बांधली. “सांगितलं होतं ना गो,” त्या म्हणाल्या. “अर्धी बातमी पुऱ्या बातमीपेक्षा वाईट.” त्या याहून अधिक रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अकरा दिवसांनी आठ नंबर आलं. हे धडधाकट होते. बोटीवर सहा महिने वाढवून घेतले होते, एवढंच. ते एका ओळीत. पोवळं कसं सोडवायचं ते मात्र दीड पान. ते ओढायचं नाही, खरवडायचं नाही. शेजारी लहान दगड टेकवून ठेवायचा, महिन्याभरात ते आपणहून त्यावर पसरतं, मग मधला पूल कापायचा. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांध, डोळ्यांत पाणी उडू देऊ नकोस. मोठा दगड समुद्रात सोड आणि टाकी बंद कर, तुझे हाल होतात. माझे हाल टाकीमुळे होतात असं ह्यांना वाटत होतं. मी रडले, आणि रडण्यापेक्षा चिडले जास्त.

तरी सुपारीएवढा दगड आणून टेकवला. पोवळ्याची जखम हळूहळू भरली. शिमगा आला, पालखी अंगणात आली, सासूबाईंनी देवीची ओटी भरली. घराघरातले मुंबईकर आले होते, आणि मी सारखी पडवीत जाऊन बघत होते. पोवळ्याची कड नखाएवढी पुढे सरकली होती. पालखी गेली, मुंबईकर गेले, तेव्हा लहान दगड अर्धा झाकला होता. आणखी काही दिवसांनी एका झटक्यात पूल कापला. या वेळी काही फाटलं नाही. लहान दगड स्टीलच्या डब्यातून प्रोफेसरांकडे पोचवला. मोठा ठेवून घेतला. ह्यांना कळवलं, “दिलं.”

भाद्रपदात हे आले आणि आधी टाकीपाशीच थांबले. दिलं नाहीस का, म्हणून विचारलं. अर्धं दिलं, असं मी सांगितल्यावर हसले. दहाव्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, कंपनीची तार आली आहे, पुढच्या सोमवारी निघायला हवं.

मी उठले. अंगणातून एक लहान दगड उचलला, धुतला आणि टाकीत पोवळ्याला टेकवून ठेवला.

“आता कुणाला द्यायचंय?” ह्यांनी विचारलं.

“कुणाला नाही,” मी म्हटलं. “पण आधी सांगत जा. त्याला दगड सोडायला महिना लागतो. मलाही लागतो.”

ह्यांनी कप खाली ठेवला, खुंटीवरचा शर्ट अंगात चढवला आणि कंपनीकडे महिनाभराची मुदत मागणारी तार करायला पोस्टात गेले.