रोजनाम्यात ‘हजर’

असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर उलटतपासणी घेत आलोय. वकिलाला दुसरं काय येतं? तेव्हा हे वाचून कुणी माझी घेतली तरी हरकत नाही. फक्त एक सांगतो – भीती वाटली म्हणून मी हे लिहीत नाहीये. राग आलेला, आणि तो अजून गेलेला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. डोंबिवली पूर्वेला एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वर ऑफिस थाटून मला दोनच वर्षं झालेली. एक दिवस खडवलीहून यशोदाबाई आल्या. नवरा बाळाराम आमच्याकडच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात. गेटवर कामगारांचं धरणं चाललेलं, तिथून भर दुपारी त्याला जीपमध्ये घालून नेलं. चार कामगारांनी पाहिलं. साध्या कपड्यातले पोलीस होते, त्यातल्या एकाला दोघांनी ओळखलंही. पण ठाण्यात विचारलं तर – असा इसम आम्ही आणलाच नाही. डायरीत नोंद नाही, लॉकअपमध्ये नाही. बाई तीन आठवडे खेपा घालत होत्या. शेवटी ठाण्यातल्याच एकाने त्यांना सांगितलं की दुसरी बाई ठेवली असेल, तिकडे शोधा.

बेकायदा डांबलेल्या माणसाला शोधून कोर्टापुढे उभं करा, असं वॉरंट मॅजिस्ट्रेट काढू शकतो. मी अर्ज केला. (कोर्ट ठाणे जिल्ह्यातलंच, नाव मुद्दाम लिहीत नाही.) वॉरंट निघालं. तारखेला रिपोर्ट आला – झडती घेतली, मिळून आला नाही. झडती कुणी घेतली? पोलिसांनीच. स्वतःच्या ठाण्याची!

त्याच तारखेला, सकाळचे साडेअकरा. कोर्टरूम पहिल्या मजल्यावर, दार एकच, बाहेर व्हरांडा आणि एक लाकडी बाक. शिपायाने पद्धतीप्रमाणे दारात उभं राहून बाळारामच्या नावाचा पुकारा केला. एकदा... दोनदा... काही नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला उत्तर आलं.

‘हजर.’

शाळेत हजेरीला देतात तसं, सरळ. मी ऐकलं. मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. सरकारी वकिलांचं पेन थांबलं. आणि रोजनामा लिहिणाऱ्या कारकुनाने सवयीने लिहून टाकलं – इसम हजर.

यशोदाबाई धावत बाहेर गेल्या, मी मागोमाग. बाक रिकामा. जिन्यात पक्षकार बसलेले, त्यांच्यातून कुणीही खाली उतरलं नव्हतं. शिपाई पुन्हा पुन्हा सांगत होता की आवाज अगदी कानाशी आला, पण समोर माणूस नव्हता. कुणीतरी चेष्टा केली असेल, असं मी बाईंना म्हणालो.

‘वकीलसाहेब, मना माज्या नवऱ्याचा आवाज कलत नाय का?’

इथवरचं विचित्र आहे. पुढचं संतापजनक.

जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी वकील उठले. रोजनाम्यात नोंद आहे, इसम स्वतः कोर्टात हजर झाला, म्हणजे तो कुणाच्याच ताब्यात नाही – वॉरंटचं काम संपलं. मग तो आहे कुठे, म्हणून मी भर कोर्टात ओरडलो.

‘गेला असेल चहा प्यायला,’ ते म्हणाले.

अर्ज निकाली. वरच्या कोर्टात हेबियस कॉर्पस केलं – म्हणजे माणूस आणून दाखवा. पोलिसांच्या प्रतिज्ञापत्राला पहिलीच जोडलेली प्रत कशाची? त्या रोजनाम्याची, सर्टिफाइड. प्रकरण साध्या बेपत्ता नोंदीवर येऊन थांबलं. त्या दिवशी यशोदाबाई रडल्या नाहीत, नवऱ्यावर चिडल्या. म्हणाल्या, सगळ्यांचं ऐकायचा तो, नाव घेतलं की ओ द्यायचा. तेवढ्या दिवशी गप्प बसायला काय झालेलं?

दोन-तीन वर्षांनी पेपरात आतल्या पानावर बातमी वाचली – माणसं गायब करण्याविरुद्ध जगातल्या देशांनी जाहीरनामा मंजूर केला. कात्रण फायलीला लावलं. मग दिल्लीहून सुप्रीम कोर्टाचे अटकेचे नियम आले – मेमो करा, घरच्यांना कळवा. चांगलंच आहे. पण ज्याला आणलंच नाही म्हणायचं, त्याचा मेमो कोण करणार? पुढे आंतरराष्ट्रीय करारही झाला. आपण सही केली, पक्की मान्यता आजतागायत नाही. माणूस गायब करणं हा आपल्याकडे वेगळा गुन्हाच नाही!

सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला, असं कायदा धरून चालतो. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला यशोदाबाईंना कोर्टाकडून तसं जाहीर करून घ्यावं लागलं. दाव्यात लिहायचं असतं – शेवटची खबर कधी? मी उचलून नेल्याचा दिवस घातला. त्यांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला.

‘सेवटचा तो कोर्टात बोलला. ती तारीख लिवा.’

त्या हिशेबाने सात वर्षांना महिना कमी पडत होता. आम्ही महिनाभर थांबलो. आणि मी – काही न मानणारा – तीच तारीख टाइप करून घेतली. खोटं लिहिलं, असं मला आजही म्हणता येत नाही.

आवाज कुठून आला, मला माहीत नाही. पण बाळारामला कुणी नेलं ते मी नावासकट सांगू शकतो. ते मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही.