आमचा वादळवीर चालत यायचा

आमचं सेलूचं नाट्यमंडळ बंद पडून बरीच वर्षं झाली. पण त्यातले आम्ही तिघं-चौघं कुठल्या लग्नात भेटलो की पंगत उठते, वाढपी झाडू मारायला लागतात आणि आमचं अजून पहिलंच नाटक चाललेलं असतं. कपडेपटाची पेटी आम्ही शाळेला देऊन टाकली, रंगाचे डबे वाळून गेले, किस्से मात्र दर भेटीत दोन-चार जास्तच निघतात. मी कन्या शाळेत शिक्षिका. मंडळात माझं काम प्रॉम्प्टिंगचं, म्हणजे विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं पुरवायचं. त्यामुळं सगळं अगदी जवळून बघितलं, हे एक आणि त्यात माझी स्वतःची फजिती कमी, हे दुसरं.

दिग्दर्शक डासाळकर सर. शाळेत गणित शिकवायचे आणि अख्ख्या शाळेत छडी न वापरणारे तेवढे एकटेच. नाटकाला गोष्ट त्यांनी मुलांच्या एका मासिकातल्या चित्रकथेतून उचलली होती. तिचा नायक वादळवीर. उडतो, एका हातानं रेल्वेचं इंजिन थांबवतो आणि काळदंत राक्षसाला दर अंकात बडवतो.

पहिल्याच तालमीला सरांनी लाल पेनानं सगळी मारामारी खोडली. वादळवीर करणारा किसन मूळचा बोरीचा, जिनिंगमध्ये कामाला. कापसाची गाठ एकट्यानं सरकवणारा गडी. त्यानं वही उलटीपालटी करून बघितली.

"सर, मी मारत न्हाई?"

"न्हाई."

"मग करतो काय?"

"येतो," सर म्हणाले. "संकटातल्या माणसाकडं कुणीतरी येणं, हे काय कमी काम हाय का?"

किसननं मान हलवली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "बाई, दोन महिने जोर-बैठका काढल्या वो मी. निसतं यायसाठी!"

*

आता उडण्याचं. किसननं जिनिंगमधून कप्पी आणि दोर आणला. हॉलच्या तुळईला बांधला. सर म्हणाले, दुसऱ्याच्या लेकराला वर पाठवायच्या आधी मी जाऊन बघतो. धोतर खोचून सर दोरात बसले आणि चौघांनी त्यांना वर ओढलं.

वर गेल्यावर सर खाली बघतच राहिले. आम्हाला वाटलं चक्कर आली.

"सर, काय झालं?"

"काही न्हाई," वरून आवाज आला. "इथून तुमी सगळे लय लहान दिसायलाव. वादळवीराला हे बरं न्हाई. उतरवा."

झालं. आमचा वादळवीर त्या दिवसापासून चालत यायला लागला. पहिल्या प्रयोगाला पुढं बसलेल्या एका पोरानं भर नाटकात उभं राहून विचारलं, "तुला उडता येतं ना, मग चालत कामून आला?" माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. मी विंगेत नुसती पानं उलटतेय. किसन मात्र थांबला, त्या पोराजवळ वाकला आणि म्हणाला, "वाटंत सगळ्यांची खुशाली विचारत आलो ना बाळा." सरांनी ते वाक्य दुसऱ्या दिवशी वहीत लिहून घेतलं.

*

तोच वादळवीर त्या साली जिंतूरच्या मंडळानंही केला. त्यांचे दिग्दर्शक निवृत्त जमादार. त्यांचा वादळवीर बुटांत यायचा, सलाम ठोकायचा आणि संकटात सापडलेल्या माणसाला आधी नाव, वडिलांचं नाव आणि मुक्काम पोस्ट विचारायचा. तोवर तो माणूस पुरात वाहून जाईल की काय अशी आम्हाला धास्ती. आम्ही बघून हसत हसत परत आलो. सर हसले नाहीत. "त्यांचा वादळवीर त्यांच्यासारखा हाय," म्हणाले. "खोटा न्हाई तो."

मग सरांचा कसा होता? कुठल्याही घरात गेला की आधी पाणी मागायचा. मदतीचं नंतर. मासिकात असलं काही नव्हतं. सरांचीच ती सवय, कुणाच्याही उंबऱ्यावर गेले की "तांब्याभर पाणी द्या" म्हणायचे.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. गावोगाव वातावरण तापलेलं, माणसं एकमेकांशी तोलून मापून बोलायची. नाटकात वादळवीर सगळ्या गावाचं पाणी पितो, शेवटी वेशीबाहेरच्या वस्तीतही जातो आणि तिथंही तांब्या तोंडाला लावतो. त्या प्रवेशाला पुढच्या रांगेतले दोघं-तिघं उठून गेले. प्रयोगानंतर मंडळाच्या अध्यक्षांनी सरांना बाजूला घेतलं. तेवढा एक तांब्या कमी करा, बाकी सगळं झकास हाय, म्हणाले.

सर म्हणाले, "त्याला तहान लागती हो. मी काय करू?"

तांब्या राहिला. पुढच्या प्रयोगाला अध्यक्ष आले नाहीत, पण त्यांच्या घरातली सगळी बायका-पोरं आली.

*

काळदंत करायचा पोस्टातला दिनकर. अंगानं इतका बारीक की वाऱ्याच्या दिवशी सायकलवरून उतरून चालायचा. राक्षसाला सरांनी असा गडी का निवडला हे कुणालाच कळेना. सरांनी त्याला एवढंच सांगितलं, "तू भेवडवायचं न्हाई. तूच भेलेला हायेस. एकटा हायेस म्हणून ओरडतोस."

दिनकरनं ते इतकं मनावर घेतलं की येलदरीच्या धरणाचं पाणी चोरल्यावर तो गुडघ्यात डोकं घालून बसायचा. प्रेक्षकांतल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. एकदा प्रयोग संपल्यावर एक म्हातारी फडक्यात भाकरी-ठेचा बांधून मागच्या दाराला आली. किसन पुढं झाला.

"तुला न्हाई," म्हातारी म्हणाली. "तू खात्यापित्या घरचा दिसतोस. त्या राक्षसाला दे."

*

एका तालमीला मी जरा उशिरा पोचले. बघते तर सर रंगमंचाच्या कोपऱ्यात उभे राहून किसनला समजावून सांगत होते. मान अशी ठेव, घाई करू नको, समोरच्याचं ऐकून घे. फार सुंदर बोलत होते. फक्त त्यांच्यासमोर किसन नव्हता. खुंटीला वादळवीराचा अंगरखा टांगलेला होता.

किसन माझ्या शेजारी बाकावर बसलेला. कुणीच हसलं नाही. किसन अनवाणी पायानं हळूच उठला, त्या अंगरख्याला लागून उभा राहिला आणि म्हणाला, "हाव सर."

सर परभणीच्या डॉक्टरांकडं जाऊन आलेत हे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि राहिलेलीही टिकणार नव्हती. काकू कधी नाटक बघायला यायच्या नाहीत, पण तालमीच्या दिवसांत आम्हा सगळ्यांचा चहा आणि पोहे त्यांच्याकडूनच यायचे. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणू नका. नाटक सुटलं तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल, बाई."

मला रडू आलं ते मी पोह्यांतल्या मिरचीवर ढकललं. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून आमचं एकच काम राहिलं. सरांचं नाटक सुटू द्यायचं नाही आणि आपल्याला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही.

*

युक्ती किसनची. तो प्रवेश करतानाच बोलायला लागला. "हा मी डावीकडून आलो. आता मी तुमच्या अंगणात उभा हाय. आता मी खाली बसलो." सरांनी आधी कान टवकारले, मग खुर्चीत रेलून बसले. "सावकाश बस," म्हणाले. "एवढ्या लवकर बसलास तर घरधन्याला वाटंल नसती पंचाईत करायला आला."

बघता बघता सगळे तसंच बोलायला लागले. दिनकरही. "मी भेलो. मी मागं सरलो. अजून मागं सरलो. अजून..." आणि धप्पकन आवाज झाला. रंगमंच तिथं संपत होता.

अंधारातून दिनकरचा आवाज आला, "पडलो, सर."

"पडायचं लिहिलेलं न्हाई," सर शांतपणे म्हणाले. "पण आवाज चांगला आला. लागलं का रे?"

*

ते नाटक आम्ही परभणीला स्पर्धेत नेलं. परीक्षक पुण्याहून आलेले. प्रयोगानंतर त्यांनी सगळ्यांसमोर सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, पात्रानं स्वतःच स्वतःचं निवेदन करायचं, हा अफलातून प्रयोग आहे. वादळवीरासारखा नायक एकदम घरातला माणूस होतो. ही शैली तुम्हाला सुचली कशी?

आम्ही माना खाली घातल्या.

"मला न्हाई सुचली," ते म्हणाले. "माझ्या नटांची हाय. मला दिसत न्हाई हे मला कळू नये म्हणून लय कष्ट घेतात बिचारे."

परीक्षकांना वाटलं सर विनोद करताहेत. ते मोठ्यानं हसले. आम्हाला तिथं उभं राहवेना.

परतीची पॅसेंजर सुटली. किसन सरांशेजारी बसलेला. पेडगाव आलं तसं तो सवयीनं म्हणाला, "सर, पेडगाव आलं." पुढं मानवत रोडलाही तसंच. सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ही लाईन मला पाठ हाय. तू झोप आता. सकाळी ड्यूटी हाय ना तुला?"

*

पुढच्या वर्षी सरांनी आपण होऊन दिग्दर्शन सोडलं. बँकेत बदलून आलेल्या शिरीषचं नाव त्यांनीच सुचवलं. मुलगा हौशी, मनानं चांगला. औरंगाबादला व्हिडिओवर परदेशी सिनेमे बघितलेला. त्याचा वादळवीर काळ्या कपड्यांत, छातीला पत्रा, धुरातून येणारा. आणि मारणारा. शेवटची दहा मिनिटं निव्वळ हाणामारी.

पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, "प्रेक्षकांना सगळं दिसतंय. मग मी आलो, मी बसलो हे सांगायचं कशाला? बोलायचं नाही, करून दाखवायचं." यात त्याचं काय चुकलं? तो त्याच्या जागी बरोबरच होता. सरांनी तर आम्हाला बजावूनच ठेवलं होतं, शिरीषच्या कामात कुणी माझं नाव काढायचं न्हाई.

पण सर नाटकाला येणार होते. प्रयोगाच्या सकाळी किसन शाळेत येऊन मला म्हणाला, "बाई, मी तोंड मिटून काम केलं तर सरांपर्यंत काय पोचंल? निसता धूर?" त्याचे डोळे भरलेले.

संध्याकाळी सर आले ते काकूंचा हात धरून. इतक्या वर्षांत काकू पहिल्यांदा नाटकाला आल्या होत्या, इस्त्रीची नऊवारी नेसून. शिरीषनं सगळे संवाद टेपवर घेतलेले, त्यामुळं मला विंगेत काम नव्हतं. मी दोघांच्या बरोबर मागच्या खुर्चीत बसले. काकूंची कुजबूज तीन रांगांना ऐकू जाते.

"किसन आलाय," काकू म्हणाल्या.

"कसा दिसायलाय?"

"वाळलाय. रविवारी जेवायला बोलवा त्याला."

असं सगळं नाटक काकू सांगत होत्या. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा पदर वर्षभर धुतलेला नाही. सर मान हलवत होते. मग हाणामारी सुरू झाली. टेपवर ढोल, मागं पत्र्यांचा गडगडाट. किसननं दिनकरला मानेला धरून आपटलं. पोरं बाकांवर उभी राहून शिट्ट्या वाजवायला लागली.

"आता काय चाललंय?" सरांनी विचारलं.

काकू समोर बघत राहिल्या. त्यांचा हात सरांच्या हातावर होता.

"बसलेत दोघं," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"ओट्यावर. किसन त्याला काहीतरी समजावून सांगायलाय."

"आणि हा दणदण आवाज?"

"हॉलच्या मागं कुणीतरी पत्रे उतरवायलेत. यांना आत्ताच मुहूर्त लागला बगा."

सर थोडे पुढं झुकले. "दिनकर ऐकून घेतोय का?"

दिनकर तेव्हा उताणा पडला होता आणि किसनचा पाय त्याच्या छातीवर होता.

"ऐकायलाय," काकू म्हणाल्या. "मान खाली घालून बसलाय."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि पडदा पडेपर्यंत समोर बघत राहिले. टाळ्यांचा पाऊस पडला. शिरीष धावत खाली आला, सरांच्या पाया पडला आणि घाबरत घाबरत म्हणाला, "सर, कसं वाटलं?"

सरांनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सगळ्यात चांगलं काय केलंस सांगू?" ते म्हणाले. "मारामारी ठेवली न्हाईस."

शिरीषनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काकूंकडं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"हो सर," तो म्हणाला. "तुमच्याकडूनच शिकलो."