तिचं कौतुक मी लिहायचं

"तुझं इंग्रजी चांगलं आहे. हिचं शिफारसपत्र तूच लिहून टाक, मी सही करतो," सर म्हणाले आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

माधवगंजात सरांचं घर. मी गेले होते माझ्या शिफारसपत्रासाठी. बंगळूरला पीएच.डी.चा अर्ज करायचा होता, आणि एम.एस्सी.चं काम सरांच्याच हाताखाली झालेलं. आमच्याकडे रीतच आहे, पत्र विद्यार्थ्यानं लिहून न्यायचं, सरांनी फक्त सही करायची. मी माझं नेलं होतं. स्वतःची तारीफ लिहायची लाज वाटली म्हणून चार ओळींत उरकलेलं. त्यांनी ते न वाचताच बाजूला ठेवलं.

सोफ्यावर ती. माझ्याच वर्गातली. सरांना काका म्हणते. तिचे पूर्वज दक्षिणेतून इकडं आले ते संस्थानच्या दरबारात, सरांचेही. आमचे आले ते भाले घेऊन, आणि बाबा आज बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळायचे. तिच्या आडनावावर. सरांच्या फ्रिजमधून स्वतः पाणी काढून पिण्यावर. पुढं शिकून काय करणार, असं तिला घरात कुणी विचारत नाही, त्यावर तर सगळ्यात जास्त.

लिहायला बसले. हुशार, मेहनती. पुढं बोटं चालेनात. मागून सर म्हणाले, "ते बीहडातल्या मातीचं काम आहे ना, ते हिच्या नावे घाल. ग्रुप एकच होता तुमचा."

बीहड. चंबळेकाठच्या त्या घळींत भर उन्हाळ्यात मी माती खणली. टाचा फुटल्या, नाकातून रक्त आलं. ती पहिल्या दिवशी आली, एसी लावून गाडीतच बसली. नंतर आलीच नाही.

"मग माझ्या पत्रात काय राहील, सर?"

सर हसले. प्रेमानं हसले, तेच जास्त लागलं. "अगं, तुमच्या घरात मुलगी एम.एस्सी. झाली, हेच काय कमी आहे? बी.एड. कर. लग्नालाही बरं पडतं."

ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "लिख दे ना यार, तेरेको क्या फर्क पड़ता है."

अंगाची नुसती लाहीलाही झाली. इतकी वर्षं वाटायचं, माझंच मन हलकं, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. त्या खुर्चीत कळलं, ती नेत होती ते माझं होतं. मग पोटात दुखणारच.

लिहिलेलं पुसलं. उठले.

"बीहडात ही नव्हती, सर. मी होते. मी लिहिणार नाही."

काकू चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. मी माझा कागद उचलला आणि त्यांच्या बाजूनं बाहेर पडले.

आई म्हणाली, सरांशी वैर घेतलंस, आता सही कोण देणार. तिचं खरं आहे. प्रयोगशाळेत एक मॅडम आहेत, मी मातीची पोती ओढत आणायचे ते त्या बघायच्या. उद्या त्यांच्याकडे जाणार. त्या नाही म्हणाल्या तर आणखी कुणाच्या दारात.

पत्र नव्यानं लिहिलंय, पानभर. लाज गेली चुलीत. बीहडाचं सगळं घातलंय. अर्जही त्याच जागेसाठी करणार, जिथं ती करतेय. मुलाखतीत तिला विचारू देत, घळीच्या तळाशी माती कशी असते. मी बाहेर बाकावर माझ्या नंबराची वाट बघत असेन. जळतच असेन. आणि नाव पुकारलं की आत जाईन.