चार गिअरचे अण्णाकाका

लग्नाला गेले की अण्णाकाका नवरीच्या आधी वरातीची गाडी बघायचे. मांडवात अक्षता वाटून व्हायच्या, सगळे उभे राहायचे, आणि आमचे काका बाहेर ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावून आत डोकं घातलेले. "नवरी काय, आयुष्यभर दिसणार हाय. ही गाडी संध्याकाळी जायची," असं त्यांचं म्हणणं. बोला आता!

अण्णाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत होती. दादा, म्हणजे माझे वडील, गादीवर बसायचे आणि काका पायरीवर. शेतकरी मुठीत तुरीचा नमुना घेऊन यायचा, तर हे आधी विचारणार, "कशात आलात? घाटात गाडी तापली का?" दादा डोक्याला हात लावायचे. लिंगायताचं पोर, घरात तीन पिढ्यांचा व्यापार, आणि याचं सगळं चित्त चाकात.

लातूर जिल्हा झाला त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. अजून पाट्या रंगवणं चालू होतं, कुठलं ऑफिस कुठं गेलं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण गावात मिजास अशी की विचारू नका. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. टँकरच्या मागं घागरींची रांग आणि पुढं जिल्ह्याचा रुबाब, असं आमचं लातूर तेव्हा. काकांनी नेमकी तीच वेळ साधली. हैदराबादहून एका ट्रकवर घालून त्यांनी लाल रंगाची, दोन दारांची, कापडी टपाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली. "आता आपण जिल्ह्याच्या गावचे माणसं. जिल्ह्याला एक तरी असली गाडी पायजे का न्हाई?" त्यांनी दादांना विचारलं. दादा म्हणाले, "जिल्ह्याला पाणी पायजे, अण्णा."

गाडी आली ती गिअरबॉक्सविनाच. मग घरात जी चर्चा सुरू झाली ती एखाद्या सोयरिकीलाही झाली नसेल. एक तर स्टिअरिंगजवळ दांडा असलेला तीन गिअरचा साधा डबा बसवायचा, नाही तर खाली, दोन सीटांच्या मध्ये दांडा येणारा चार गिअरचा. साधा बसवला तर पुढं सलग बाकडं राहणार, तिघं बसणार. चारचा बसवला तर फक्त दोघं. माझी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भावजी, मधी दांडा आल्यावर उद्या तुमचं लेकरू कुठं बसवणार?" काका म्हणाले, "वहिनी, लेकरू व्हायला बायको लागती. आधी गाडी तर होऊ द्या." चौतीस वर्षांचा घोडा! आईनं सूप आपटलं.

चारचाच डबा बसला. नांदेडला एक उस्ताद होते, त्यांच्या गॅरेजात गाडी महिनाभर पडून होती आणि काका दर दोन दिसांनी एसटीनं तिकडं. उस्तादही काकांच्या वरताण. ताकद वाढावी म्हणून एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले, इंजिनाचं हेड घासून आणलं, सायलेन्सरची नळी मोकळी केली. एवढं केल्यावर इंजिन तापणार हे दोघांनाही कळत होतं. मोठा रेडिएटर बसवायचा तर गाडीचं नाक कापावं लागणार होतं. ते नाक काकांना फार आवडायचं, म्हणून रेडिएटर जुनाच राहिला. उस्ताद म्हणाले, "अण्णा, फिर पानी भौत पिएगी ये." काका म्हणाले, "पिलाएंगे!" दोघं खदाखदा हसले. मी तिथं होते, मीही हसले. कॉलेजात होते मी तेव्हा, अक्कल किती असणार?

त्या गाडीची मला भारी लाज वाटायची, हे सांगून टाकते. गल्लीत बाया टँकरची वाट बघत उन्हात उभ्या, आणि त्यांच्यामधून ही लाल बया फाडफाड आवाज करत जायची. काका ऐटीत गिअर बदलून दाखवायचे, "बघ, तिसरा कसा लोण्यावानी पडला!" मी ओढणीनं तोंड झाकून खाली सरकायचे. पण बसायचे मात्र. काकांना नाही म्हणणं कुणालाच जमायचं नाही, इतका गोड माणूस.

शेवटी दादांनी मनावर घेतलं आणि शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या एका खेड्यातली मुलगी बघायला जायचं ठरलं. आई-दादा सकाळीच एसटीनं गेले, कारण गाडीत जागा दोघांचीच. मागून काका आणि मी. उन्हाळा मी म्हणत होता. डिकीत भरून घेतलेलं पाणी गाडीला पाजता पाजता अर्ध्या वाटेतच संपलं. वाटेतल्या विहिरीत डोकावलं तर तळाला नुसते दगड. काका सारखे इंजिनाच्या तापाच्या काट्याकडं बघत होते आणि मला म्हणत होते, "काही न्हाई होत, तू गप बस." मी काही बोललेच नव्हते.

गावात शिरलो तेव्हा बॉनेटमधून वाफेचे लोट. गाडी मुलीच्या दारात थांबली आणि काका उडी मारून उतरले. टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण काढलं, भस्सकन वाफ आली. "हेड जाईल, हेड!" असं ओरडत त्यांनी इकडंतिकडं बघितलं. ओट्यावर पाहुण्यांच्या पायावर घालायला घागर भरून ठेवली होती, शेजारी तांब्या, पाट, घडी केलेला पंचा. काकांनी घागर उचलली आणि गाडीत रिकामी केली. अख्खी. वरून हलवून शेवटचा थेंबसुद्धा.

दादा ओसरीवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. आईचा चेहरा पांढराफटक. भिंतीच्या कडेला उभी असलेली माणसं नुसती रिकाम्या घागरीकडं बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलीचे वडील पुढं आले, म्हणाले, "असू द्या, पाहुणे. या वर." माझे पाय काही केल्या गाडीतून निघेनात.

मुलगी गुळाची वाटी घेऊन बाहेर आली. ओट्यावर उपडी घागर बघून थबकली. मग वाटी ठेवली, तांब्या उचलला, आणि बघायच्या कार्यक्रमाची जरीची साडी नेसलेली ती पोरगी सगळ्यांच्या देखत शेजारच्या दारात पाणी मागायला गेली. परत आली तेव्हा तांब्या अर्धाच होता. आधी तो काकांच्याच पुढं धरला. काकांना घेववेना. तर हसून म्हणते कशी, "प्या की. गाडीचं झालं, आता माणसाचं होऊ द्या."

काकांचे कान त्यांच्या गाडीहून लाल झाले. पण त्या क्षणी आमचा हा माणूस गेला तो गेलाच. परतीच्या वाटेवर सगळा वेळ दुसऱ्या गिअरवर. लातूर जवळ आल्यावर म्हणाले, "पोरी, मला ही बाई पसंत हाय. ही हसत हसत सगळं निस्तरती. दादाला सांग, हुंडा-बिंडा काही बोलू नका." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चाकाशिवाय काहीतरी हवं झालं होतं. घरी आल्या आल्या मला म्हणाले, "उद्याच नांदेडला जाऊन साधा डबा बसवतो. सलग सीट पायजे."

आठवड्यानं मुलीचे वडील एसटीनं आले. आईनं चहा टाकला. काका नवा शर्ट घालून दाराआड उभे. ते गृहस्थ बराच वेळ पावसाचं बोलले, मग म्हणाले, "तुमचं घर चांगलं हाय. पोरगं निर्व्यसनी हाय. पण पोरगी न्हाई म्हणती." दादांनी कारण विचारलं. ते म्हणाले, "पाण्याचं काही न्हाई हो. दारात आलेल्याला आम्ही देतोच. पोरगी म्हणती, मागितलं असतं तर मी दुसरी घागर आणून दिली असती. पण त्यांनी विचारलंच न्हाई."

काका दाराआडून बाहेर आले, त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "बरोबर हाय तिचं." एवढंच. गाडी उस्तादांकडं नेऊन लावली ती परत आणली नाही. दुसरी मुलगी बघायला दादांनी हात जोडले, आईनं उपास धरले, पण काका हलले नाहीत.

आणि तेव्हापासून विचारणं सुरू झालं. स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या माठाजवळ उभे राहायचे आणि आईला हाक मारायचे, "वहिनी, पाणी घेऊ का?" आई आधी चिडायची, "अहो, तुमचंच घर हाय!" मग तिला सवय झाली. ती चुलीपुढून "हाव, घ्या" म्हणायची, तेव्हा कुठं यांचा तांब्या माठात जायचा. घरी आलेले पाहुणे हसायचे. आम्हीही हसायचो. लाजेचं ओझं माणूस असं रोज तांब्या-तांब्यानं वाहत असतो, हे आम्हाला कुठलं कळायला!

आई-दादा गेल्यावर मी त्यांना नांदेडला माझ्याकडं आणलं. इथं ते मला विचारायचे. मी बँकेत असले की शेजारणीला विचारायचे. मी कितीदा रागावले असेन. "काका, पुरे करा आता. ती बाई कधीच विसरली असेल." ते म्हणायचे, "तिनं विसरावं. मी का म्हणून?"

शेवटच्या आजारात एका दुपारी त्यांच्या उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि औषधं आणायला मी कोपऱ्यावर गेले. दुकानात गर्दी होती, वेळ लागला. आले तर काका उशीला टेकून बसलेले, ओठ कोरडे पडलेले, हात मांडीवर. पेला हाताच्या अंतरावर, काठोकाठ भरलेला, तसाच. "अहो काका, प्यायला नाहीत?" मी म्हणाले. ते म्हणाले, "घरात कुणी नव्हतं ना, विचारायला."