मुलाखतीची पांढरी टोपी

आता कुठल्या तोंडाने सांगू? माणसाने स्वतःच्या फजितीला स्वतःच्या हाताने कडक इस्त्री करावी आणि ती डोक्यावर चढवून भर लालबागातून मिरवावी? मी मिरवली! हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर ठसका लागेल.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमची चाळ लालबागात. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. मी मॅट्रिक झालो, म्हणजे कसाबसा झालो, आणि दादरकडच्या एका कॉलेजात मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला.

"गावलो प्रवेश तर शिक. नाय गावलो तर सोमवारपासून माझ्यावांगडा गिरणीत बदली कामगार. मुकादमाक सांगून ठेवलंय."

गिरणीला मी नावं ठेवत नाही हो! तिच्याच जिवावर आम्ही जेवत होतो. पण मला शिकायचं होतं. एवढं शिकायचं होतं की त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

मग चाळीतल्या नानांनी मला हाताखाली घेतलं. नाना कुठल्याशा कचेरीत कारकून. चाळीत इंग्रजी पेपर वाचणारा एकच माणूस, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे हायकोर्ट.

"तुझा तो प्रिन्सिपॉल आहे ना, त्याला मी ओळखतो," नाना म्हणाले. "एका लग्नात पंगतीला शेजारी होता. डोक्यावर पांढरी टोपी! कडक!"

झालं! आईच्या हातातलं सूप खाली पडलं.

तुम्ही आजची माणसं, तुम्हाला काय कळणार? तेव्हा टोपी म्हणजे नुसती टोपी नव्हती. पांढरी टोपी म्हणजे सरकारच्या बाजूचा, मुंबई महाराष्ट्राला द्यायला नाही म्हणणारा. असा कोणी आमच्या नाक्यावरून गेला की गॅलऱ्यागॅलऱ्यांतून हुर्यो! आणि त्या हुर्योत सगळ्यात मोठे गळे दोन. एक माझा, एक माझ्या बापाचा.

"मग आता हो, नाना?" मी विचारलं.

"मग काय? साहेबाचा रंग तोच आपला रंग. टोपी घाल. चळवळीचं नाव काढलं की नाक मुरड. एकदा प्रवेश मिळाला की कर तुला काय करायचं ते."

पण लालबागात पांढरी टोपी आणायची कुठून? भोईवाड्यातल्या एका शिंप्याकडे शिवायला टाकली. तो माझ्याकडे रोखून बघत राहिला.

"नाटक हाय काय?"

"हो, हो, गणपतीतलं."

"मग घट्ट शिवतो. लोक चपला मारतील तेव्हा पडायला नको."

मुलाखतीच्या दिवशी आई दारात आडवी उभी. "ती टोपी घालून माझ्या दारातसून भायर जावचा नाय!" शेवटी टोपी शर्टाच्या आत पोटाशी लपवली आणि कॉलेजच्या जिन्यात डोक्यावर चढवली.

आत गेलो. मध्ये प्रिन्सिपॉल, बाजूला एक चष्मेवाले प्राध्यापक. प्रिन्सिपॉलांचं डोकं उघडं! चकचकीत टक्कल. मी म्हटलं, उकडत असेल.

"कुठला रे तू?"

"लालबाग, सर."

"अरे वा! लालबाग!" त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांची नजर वर गेली, माझ्या टोपीवर, आणि तिथेच राहिली. "आणि ही?"

"लहानपणापासून निष्ठा आहे, सर."

"अस्सं. चळवळीबद्दल काय वाटतं तुला?"

मी नानांनी शिकवल्याप्रमाणे नाक मुरडलं. "चळवळ कसली सर? नुसता धुडगूस. उनाड पोरं आणि रिकामटेकडी माणसं."

"मोर्चात कधी गेला नाहीस?"

"शी!"

"आणि वडील?"

वडिलांच्या पाठीवर तेव्हा लाठीचा वळ होता. आई रोज त्याला शेक देत होती. आणि मी कारटा काय म्हणालो? "वडील मोर्चा दिसला की खिडकी लावून घेतात, सर."

प्रिन्सिपॉलांचा चेहरा लाल लाल होत चालला. मला वाटलं, गडी खूश आहे, पण दाखवत नाही. मग काय, मला चेवच चढला! म्हटलं, "खरं सांगू का सर? मुंबई वेगळी ठेवली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला.

प्रिन्सिपॉलांनी टेबलाचा खण उघडला आणि आतून एक टोपी काढून समोर ठेवली. पांढरी. घडीवर पिवळी पडलेली.

"ही माझी. हिच्यापायी इंग्रजांच्या तुरुंगात गेलो, पण उतरवली नाही. या मुंबईत पोरांवर गोळ्या चालल्या ना, त्या दिवशी उतरवली. तेव्हापासून उघड्या डोक्याने फिरतो." त्यांनी माझ्या टोपीकडे बोट केलं. "आणि तू, लालबागचा पोरगा, माझ्यासमोर ती घालून बसतोस?"

अहो, नानांनी त्यांना पाहिलं ते लग्न झालं कधी, हे विचारायचं आम्हाला कोणाला सुचलंच नव्हतं. इंग्रजी पेपर वाचणारे नाना, मॅट्रिक झालेला मी, आणि एकाच्याही डोक्यात एवढं येऊ नये?

"सर," मी कसाबसा म्हणालो, "हे सगळं खोटं होतं. नानांनी पढवलं. मी मोर्चात जातो, सर. बाबांनी तर लाठ्या खाल्ल्यात!"

"मघाशी खोटं होतं, की आत्ता खोटं आहे? प्रवेशासाठी तू काहीही बोलशील. मी कशावर विश्वास ठेवू?"

डोळ्यांसमोर सोमवार दिसायला लागला, गिरणीचं फाटक दिसायला लागलं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी ताडकन उठलो, टोपी टेबलावर आपटली, मूठ वर केली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

बाहेर बाकावर बसलेली पोरं ओरडली, त्यांचे बाप ओरडले, घंटेवाला शिपाई ओरडला. खिडकीची तावदानं थरथरली. आणि सगळ्यांत जोरात ओरडले कोण? कपाळाला हात लावून बसलेले चष्मेवाले!

प्रिन्सिपॉलांनी पेन उचललं.

"गळा तरी खरा दिसतोय. बाकी तू महामूर्ख आहेस. पण मूर्खांना शिकवायचं नाही तर आम्ही इथे बसलोय कशाला?" आणि माझ्या अर्जाखाली सही केली. "ही तुझी टोपी उचल आधी!"

मी हवेत! दादरहून चालत निघालो. वाटेत पेढे घेतले. एका हातात दाखले, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. टोपी ठेवायची कुठे? ठेवली डोक्यावर. आणि विसरलो!

विसरलो हो! साफ विसरलो!

लालबागच्या नाक्यावर पोचायला आणि गिरणीचा भोंगा व्हायला एकच गाठ पडली. पाळी सुटली. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर आला आणि एकदम ओळखीची आरोळी उठली, "हुर्यो! टोपी उतर! टोपी उतर!"

मला वाटलं, आला कोणीतरी बकरा. मीही पुडा उंच धरून ओरडलो, "हुर्यो!" आणि मागे वळून बघतोय, बकरा कुठे दिसतोय? मागे कोणीच नव्हतं.

मग समोर पाहिलं. सगळ्यांत पुढे, हात वर करून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते माझे बाबा! मला ओळखल्यावर त्यांचा हात तसाच वर राहिला.

"मेल्या, तू?"

"बाबा, प्रवेश मिळाला!"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या पाळीदेखत त्यांनी मला पोटाशी धरलं. मग पुडा स्वतः फोडला आणि फाटकाशी उभं राहून गिरणीतल्या माणसांना पेढे वाटले. सगळ्यांनी पाठ थोपटली, तोंड गोड केलं.

आणि पेढा गिळून होताच सगळ्यांनी मिळून पुन्हा हुर्यो केली. टोपी अजून डोक्यावरच होती ना! पहिला आवाज बाबांचाच.