अंबिकाचा उजवा खांदा

डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या अंबिका तांडेलला आपला उजवा हात वर जात नाही, हे कळलं नवऱ्याच्या तेराव्याला. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली आणि पातेलं फळीवर ठेवायला गेली तर हात खांद्यापर्यंत येऊन अडला. तिने परत उचलून पाहिला. परत तिथेच. मग तिने पातेलं डाव्या हातात घेतलं आणि काम उरकलं.

नवरा, जयवंत, तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता. अर्धांगवायूच्या झटक्याने एक बाजू गेली, बोलणंही गेलं. त्याला कुशीवर वळवणं, उशीकडे ओढून घेणं, कमोडच्या खुर्चीवर बसवणं, सगळं ती एकटीच करायची. जाण्याआधी अकरा दिवस तो त्या खुर्चीवरून घसरला. तिने काखेत हात घालून त्याला झेललं, तेव्हा तिच्या खांद्यात कट् असं झालं होतं. पण लगेच त्याच्या छातीत कफ भरला आणि सगळी धावपळच झाली. खांद्याकडे बघतो कोण?

मुलगी अपेक्षा अँटॉप हिलहून येऊन राहिली होती. आई डाव्या हाताने केस विंचरायची धडपड करतेय, हे तिने पाहिलं.

"हात दाव बघू. कधीपासून आसा ह्या?"

"झाले काय ते दिवस."

अपेक्षाने फणी काढून घेतली, अंबाडा बांधून दिला आणि दुसऱ्या दिवशी आईला परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंपैकी एकाचा, हाडाला जोडणारा दोर अर्धवट फाटला होता. ऑपरेशनची गरज नाही, म्हणाले. तीन महिने नेमाने फिजिओथेरपी करा, जड काही उचलू नका.

"आता उचलायला आहे कोण?" अंबिका म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता.

फिजिओथेरपीला ब्रेंडा मॅडम होत्या. माझगावच्या, पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी अंबिकाला टेबलाला टेकून वाकायला लावलं, हात सैल सोडून झोपाळ्यासारखा हलवायला सांगितलं.

"दुखतं किती? शून्य ते दहा, एक आकडा सांगा."

"काय माहीत, मॅडम."

"दुखतंय तर खरं ना?"

"दुखत असेल."

ब्रेंडा मॅडमनी कागदावर काहीच लिहिलं नाही.

अंबिका सांगितलेलं सगळं मुकाट्याने करायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची. कोपर अंगाशी, मध्ये गुंडाळलेला टॉवेल, आणि दाराच्या कडीला अडकवलेला रबराचा पट्टा ओढायचा. पंधरा वेळा म्हटलं की पंधरा. उजव्या कुशीवर झोपायचं नाही म्हटलं की नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, बाई जिद्दीची. जिद्द वगैरे काही नव्हती. तीन वर्षं ती घड्याळावर औषधं देत आली होती. आता त्या वेळांना दुसरं काहीतरी होतं, इतकंच.

पाचव्या आठवड्यात हात मागे फिरवताना तिने एकाएकी तोंड उघडलं.

"तो घसरला ना, तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. जरा तरी जोर लाव, मी काय हमाल आहे का, म्हटलं. तो नुसता बघत राहिला. त्यानंतर त्याच्याशी बोलणंच झालं नाही."

ब्रेंडा मॅडमचा हात तिच्या खांद्यावर तसाच होता.

"एकट्या उचलायच्या तुम्ही त्यांना?"

"मग कोण?"

"कसं उचलायचं, हे कोणी दाखवलं नाही?"

"नाही."

मॅडमनी त्या दिवशी व्यायाम थांबवला. पलंगावर चादर आडवी घातली, एका शिकाऊ मुलीला त्या चादरीवर झोपवलं. दोन माणसं, दोन बाजू, गुडघे वाकवायचे, ओढ चादरीला द्यायची. माणसाच्या काखेत हात घालायचा नाही. अंबिका बघत राहिली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. "एवढंच होतं?" तिने विचारलं.

तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःचा अंबाडा स्वतः बांधला. अपेक्षा बघून हसली आणि त्याच रविवारी बॅग भरून घरी गेली. मानेवर रोज फिरणारी मुलीची बोटं बंद झाली, हे अंबिकाच्या चार दिवसांनी ध्यानात आलं.

हात पूर्ण वर गेलाच नाही. चार बोटं कमी राहिला. डॉक्टर म्हणाले, चालेल.

गणपतीनंतर खालच्या मजल्यावरची कांता दारात आली. तिच्या सासूचं, राधाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं होतं.

"काकी, म्हातारीक वळवूक जमना नाय गो. माझी कंबर गेली."

अंबिकाने गॅस बंद केला. "घरात चादर आसा? जुनी, जाड बघ. आणि तुझ्या नवऱ्याक बोलाव. मी उचलूचंय नाय, कसा उचलूचा ता सांगतंय."

ती जिना उतरून खाली गेली.